बाईंच्या ताऱ्याचे फुगवटे

विचुंब्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं वाजलं की दोन्ही पार्ट्या पहिल्या मजल्यावरच्या कर्णिक बाईंकडे जात. बाई एकाचं सगळं ऐकून घेत, चहा पाजत आणि म्हणत, "छान. आता समोर बघू." मग दुसऱ्याला बोलावणं जाई. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना ही सवय ताऱ्यांनी लावली होती.

मोठा तारा फुटताना आतून दोन फवारे एकमेकांच्या बरोबर उलट दिशांना सुटतात आणि मागे उरलेल्या वायूच्या ढगाला दोन्हीकडे फुगवटे आणतात, असं काही शास्त्रज्ञ मानतात. बाई त्या पक्षाच्या. लिफ्टमध्ये, भाजी निवडताना सांगायच्या, "एक फुगवटा दिसला ना, की मधून रेघ ओढायची आणि समोर बघायचं." आम्ही माना डोलवायचो. कळलं कुणालाच नव्हतं, आणि हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा बाईंनी नाशिकला लेकीकडे जायचं ठरवलं. निघण्याआधीच्या दिवाळीत सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेत त्यांनी तोच ढग काढला. "इथल्या एकाला तरी कळू दे, मग सुखाने जाते," म्हणाल्या. त्या हात धुवायला वर गेल्या तेवढ्यात शेजारच्या म्हात्रे काकू आल्या. भारी मायाळू बाई. कर्णिक बाईंचा हात हलला असं समजून त्यांनी एक फुगवटा पुसला आणि तिकडची कड झकास गोल करून टाकली.

बाई खाली येऊन थबकल्या. परीक्षक गेटपाशी पोचले होते. बाईंचा चेहरा बघून काकूंना उमगलं. "अगो बाय, मी त वाट लावली!" मला बाईंसाठी फार वाईट वाटलं. बाई मात्र खळखळून हसल्या. "अहो वहिनी, आकाशातही कधीकधी एक बाजू पुसली जाते. मग काय करायचं?"

काकूंनी उरलेल्या फुगवट्यावर बोट ठेवलं, मधून हवेत रेघ ओढली आणि पुसलेल्या जागी थांबल्या. "ह्यो हाय, म्हंजे तिकडं पन होताच!"

बक्षीस तिसऱ्या मजल्यावरच्या मोराला मिळालं. ते सांगायला मी गेलो, तर बाई गुडघे विसरून काकूंशेजारी फतकल मारून बसल्या होत्या. पुसलेला फुगवटा पुन्हा काढून काकू विचारात पडल्या होत्या.

"बाई, फवाऱ्यानी मधीच तोंड फिरवला तं?"

बाईंचे डोळे भरून आले. "तर फुगवट्यांची दुसरी जोडी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी निळ्या रंगाची वाटी काकूंकडे सरकवली.