एकाच बाटलीचे दोन ग्लास

मास्तरांनी उभ्या आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. दुसऱ्याच्या चुका काढायची त्यांची हौस पाहून वाइनच्या कारखान्यातल्या लोकांनी त्यांना ते नाव दिलं, आणि ते इतकं चिकटलं की एकदा पगाराच्या पाकिटावरही तेच छापून आलं. मास्तरांना त्याचं वाईट वाटलं नाही. पाकीट त्यांनी जपून ठेवलं.

कारखाना तीसेक मळेवाल्यांनी मिळून चालवलेला. तिथे बोर्दो पद्धतीची लाल वाइन होई, म्हणजे कॅबर्ने आणि मर्लो अशा दोन जातींच्या द्राक्षांची, कमीअधिक प्रमाणात मिसळलेली. दरवर्षी थंडी ओसरली की आदल्या हंगामाच्या कोवळ्या वाइनींची चाखणी व्हायची. कोवळी लाल वाइन चाखण्यात सुख कसलंच नाही. हिरड्या आवळून येतात, जीभ खरखरीत होते, दात जांभळे पडतात, आणि एवढं सोसून ती दहा वर्षांनी कशी निघेल ते आजच सांगायचं असतं. सात जण एका लांब टेबलाशी बसत. प्रत्येकासमोर दहा ग्लास, त्यांवर नुसते आकडे. कुठली वाइन कुणाच्या मळ्यातली हे टेबलावर कोणालाच ठाऊक नसे. हुंगायचं, घोट तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि वीसपैकी गुण लिहायचे. गुण चांगले पडले तर वाइन कारखान्याच्या मोठ्या लेबलाखाली जाई, नाहीतर टँकरमधून स्वस्तात.

आता मास्तरांचा नियम. दहा ग्लासांत वाइनी मात्र नऊच असत. एक वाइन दोनदा यायची, एकदा पहिल्या पाचांत आणि एकदा दुसऱ्या पाचांत. मध्ये पाऊण तासाची सुट्टी, पाणी आणि कोरडा पाव. एकाच वाइनला जो दोनदा वेगवेगळे गुण देतो त्याच्या जिभेचा भरवसा काय? तीन गुणांहून जास्त फरक पडला की त्याने खुर्ची सोडायची, ती कायमचीच. हा नियम मास्तरांनीच घातला आणि बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला. बावीस वर्षांत सात जण उठून गेले.

त्यातली एक त्यांची बायको होती.

त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हा तीही टेबलावर बसायची, आणि खरं सांगायचं तर जीभ तिचीच तल्लख. लग्नाआधी मास्तरांना चाखायला शिकवलं तेही तिने. त्या वर्षी चौथ्या ग्लासाला तिने अकरा दिले आणि आठव्याला सोळा. वाइन एकच. मास्तरांनी तिचा कागद इतरांचा वाचावा तशाच आवाजात वाचून दाखवला. तिने ॲप्रन काढला, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि निघून गेली. पुढच्या महिन्यात ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली. त्या दिवसाबद्दल घरात तिने चकार शब्द काढला नाही. मास्तरांनी मात्र ती गोष्ट अनेकांना सांगितली. घरच्या माणसालाही सोडलं नाही, असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला त्यांना आवडायचं.

यंदा ग्लास मांडायचं काम मास्तरांच्या भाचीकडे होतं. ही त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळायची. चाखणी संपली, सगळ्यांनी कागद दिले आणि मंडळी खिडकीशी पाय मोकळे करत उभी राहिली. तेवढ्यात भाची दारातून म्हणाली, "मामा, जरा आत येता का?"

आत म्हणजे बाटल्यांच्या खोलीत. तिने दार लोटून घेतलं.

"जोडी कुठली होती, ओळखलीत?"

"पाच आणि सात," मास्तर म्हणाले. "दोन्हींना चौदा दिलेत. फार सोपी ठेवलीस या वर्षी."

"पाच आणि सात दोन वेगळ्या मळ्यांच्या आहेत, मामा. जोडी तीन आणि नऊची होती."

तिने कागद पुढे धरला. अक्षर त्यांचंच. तिसऱ्याला बारा, नवव्याला सतरा.

मास्तर जवळच्या खोक्यावर बसले. भाची त्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "मी सांगते, आकडे लावताना माझाच घोटाळा झाला म्हणून. मी नवीन आहे, सोडून देतील."

"नको. ती बाटली दे इकडे."

तळाशी थोडी उरलेली बाटली तिने आणली. मास्तरांनी ग्लासात ओतून हुंगलं. पिकलेलं काळं फळ, पेन्सिल तासल्यावर येतो तसा लाकडाचा वास, आणि तुरटपणा असूनही घोट जिभेवरून सरळ उतरत होता. सतरा बरोबरच होते. तिसऱ्या ग्लासात मात्र त्यांना हे काहीच सापडलं नव्हतं. तिथे नुसता विझवलेल्या काडीचा वास होता आणि त्यामागे सगळं बंद.

"याच पिंपातली दुसरी बाटली आहे का? न उघडलेली?"

होती. भाचीने बूच काढलं आणि ओतलं. मास्तरांनी ग्लास नाकाशी नेला. विझवलेली काडी. तोच तिसरा ग्लास.

"पिंपात वारा लागत नाही ना," भाची म्हणाली, "कोवळ्या वाइनीला असा वास धरतो कधीकधी. तासभर उघडी राहिली की उडून जातो. बाकीच्या बाटल्या मी ओतायच्या वेळी उघडते. जोडीची तेवढी आधीच उघडलेली असते, सुट्टीभर तशीच, अर्धी रिकामी. तुम्ही लिहून दिलेली पद्धत आहे, मामा. मी तीच पाळली."

मास्तरांनी दोन्ही ग्लास शेजारीशेजारी ठेवले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते त्यांना आज कळलं. बावीस वर्षं जोडीची बाटली अर्धी रिकामी होऊन उघडी राहत होती. ज्या वर्षी अशी बंद वाइन जोडीला आली, त्या वर्षी जो खरं चाखेल त्याच्याच गुणांत फरक पडणार होता. ज्याला काही कळलं नाही तो सुखाने बसून राहणार होता.

मग त्यांचे स्वतःचे गुण इतकी वर्षं कसे जुळले?

हे मात्र भाचीला विचारायची गरज नव्हती. दुसरे पाच ग्लास समोर आले की मास्तर आधी जोडी हुडकायचे. यातला जुळा कुठला, एवढंच त्यांच्या डोक्यात असायचं. सापडला की मागचा आकडा बघून तोच पुन्हा लिहायचे, आणि याला ते कसब समजत आले होते. यंदा जुळा इतका पालटला की त्यांना ओळखता आला नाही. त्यांनी भलतीच जोडी जुळवली, आणि खऱ्या जोडीला, चुकून का होईना, प्रामाणिक गुण दिले. बायकोने अठरा वर्षांपूर्वी जोडी हुडकली नव्हती. तिने ग्लासात जे होतं ते लिहिलं होतं.

ते बाहेर आले. स्वतःचा कागद त्यांनी उभं राहून वाचला, पाच आणि सातही वाचले. नियम कसा चुकीचा होता ते सांगितलं, गुण कसे जुळवत होतो तेही सांगितलं. मळेवाल्यांपैकी एक जण म्हणाला, "मास्तर, एवढं काय मनाला लावून घेता? पुढच्या वर्षी दोन बाटल्या उघडू." मास्तरांनी मान हलवली आणि डबा न उचलताच ते घरी निघाले.

संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. बायको स्वयंपाकघरात होती, टेबलावर मुद्रितांचा गठ्ठा आणि चुलीवर सुपाचं पातेलं. मास्तर दारातच उभे राहिले. वाटेत त्यांनी बोलायची बरीच जुळवाजुळव केली होती, त्यातलं काही तोंडातून निघेना. शेवटी त्यांनी सरळ सगळं सांगितलं. बंद वास, उघडी बाटली, बारा आणि सतरा.

पळी खाली ठेवून ती खुर्चीवर बसली.

"माझ्या वेळची कुठली होती?" तिने विचारलं.

"चौथी आणि आठवी."

"चौथीला काडीचाच वास होता," ती म्हणाली. "आठवीला नव्हता. मला स्पष्ट आठवतं."

"तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही म्हणालात वाइन एकच आहे. एकच असेल तर मग मलाच वास आला असणार ना, नसलेला." ती मुद्रितांच्या कडा सारख्या करत राहिली. "मला वाटलं, माझी जीभ गेली."

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले. "फार चुकलं माझं. त्या वेळी मी पुन्हा एकदा हुंगून तरी बघायला हवं होतं."

"हो, हवं होतं."

एवढंच बोलून ती उठली. सुपाला उकळी आली होती. तिने पळीभर सूप वाटीत घेतलं, फुंकर घातली आणि वाटी त्यांच्यापुढे केली. "मीठ बघता का?"

हे ती रोज विचारायची. अठरा वर्षांत एकही दिवस असा गेला नव्हता की त्यांनी चाखल्यावाचून तिने पातेलं उतरवलं. तो आपला मान आहे असं मास्तर धरून चालले होते. पाहुण्यांपुढे त्यांनी ते कौतुकाने सांगितलंही होतं. आज त्यांचा हात वाटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांना रडू आलं.

ती वाटी धरून उभी होती. आपण काय विचारलं हे तिच्याही त्याच वेळी लक्षात आलं असावं, कारण तिने वाटी परत घेतली, स्वतःच एक घोट घेतला आणि तोंडात घोळवत खिडकीबाहेर बघत राहिली. पुष्कळ वेळ लागला तिला.

"कमी आहे," ती म्हणाली, आणि तिने चिमूटभर मीठ घातलं.