कुंदनचं शनिवारचं मिक्स

कतारगामच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कुंदन अकरा वर्षं आठ यंत्रं सांभाळत होता. गाव अमळनेरजवळचं. खात्यातल्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून माणसं खुणांवर काम भागवतात. टाळेबंदीत खातं बंद पडलं तेव्हा खोलीतली शांतता त्याला सोसेना. तो मोबाइलवर गाणी हुडकायला लागला आणि ते वेड मग सुटलंच नाही. दर शनिवारी संध्याकाळी खात्यातल्या नि गावाकडच्या चाळीसेक जणांना तो बारा गाण्यांचं मिक्स पाठवायचा. त्यात पॉप असे, इंडी असे, तमिळ, कोरियन, कुण्या अहिराणी पोराने घरी बसून केलेलं रॅपही असे. एकदा दिलेलं गाणं पुन्हा द्यायचं नाही, हा त्याचा नियम.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी चहाच्या टपरीवर दीपक म्हणाला, की या खेपेच्या तिसऱ्या गाण्यात ती बारीक शिट्टी वाजत राहते, डोकं उठलं. दीपक त्याच्याच पाळीतला. कुंदन हसला. घरी येऊन ते गाणं त्याने चार वेळा ऐकलं. गिटार होती, मुलीचा आवाज होता, शिट्टी कुठेच नव्हती. त्याने पल्लवीला, म्हणजे पुण्यातल्या मावसबहिणीला फोन केला. तिने गाणं लावून पाहिलं; तिलाही शिट्टी ऐकू येत होती.

आठवडाभर त्याचं कशात लक्ष लागेना. जुनी मिक्स काढून तो पुन्हा ऐकत बसे आणि मध्येच बंद करी. आणखी काय काय सुटलं असेल? बायको वर्षा हाक मारते तेव्हा आपण दुसऱ्या हाकेला ओ देतो, हेही आता त्याच्या ध्यानात येऊ लागलं.

शनिवारी सकाळी सुट्टी टाकून त्याने कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवलं होतं. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ बटण दाबायची वेळच आली नाही. डॉक्टरांनी कागदावरची उतरती रेघ दाखवली. चढे, बारीक आवाज डाव्या कानाला जवळजवळ ऐकूच येत नाहीत, उजव्यालाही कमी येतात. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं ते म्हणाले.

संध्याकाळी मिक्स गेलं नाही. ग्रुपवर दोघातिघांनी विचारलं. त्याने मोबाइल उपडा ठेवला, गच्चीवर गेला, खाली आला, परत गेला. वर्षाने मोबाइल उचलला. या गाण्यांवरून तिने आजवर कुरकुरच केली होती.

"तुमी ऐकू नका आते," ती म्हणाली. "मी ऐकस नी सांगस."

रविवारी सकाळी दोघं बसले. ती एकेक गाणं ऐके आणि सांगे: इथे मागे झांज वाजतेय, इथे बाईचा आवाज फाटतोय, हे चांगलं आहे पण शेवटी कचकच आहे. झांज कुठे, असं विचारून तो तोच तुकडा परत लावायला सांगे आणि नाही म्हणून मान हलवी. एका गाण्यावर तिने डोळे मिटले. ते गाणं त्याने काही न विचारता पहिलं ठेवलं. दुपारी बारा गाणी गेली.

सोमवारी त्याने शेठना रिपोर्ट दाखवून कापड तपासायच्या विभागात बदली मागितली. शेठ म्हणाले, होळीनंतर बघू. होळी गेली, दोनदा आठवण करून दिल्यावर एप्रिलात बदली झाली. तोवर तो कानात बोळे घालून यंत्रांमध्ये उभा राहिला. सूत तुटल्याचं आता आवाजावरून कळत नव्हतं, म्हणून यंत्रांभोवती सारख्या फेऱ्या मारत होता.

मिक्स आता रविवारी दुपारी जातं. मागच्या खेपेला वर्षाने त्याचं आवडतं गाणं काढून टाकलं. का, ते त्याने विचारलं. ती म्हणाली, रडकं आहे. त्याला ते पटलं नाही. ते गाणं परत घ्यावं म्हणून तो अजून तिला पटवतोय.