गुरुसिद्धप्पाचे पाच व्होल्ट

गुरुसिद्धप्पा हत्तरगी निवांत बसलाय, असं मी कधी पाहिलं नाही. गिरणीत वायरमन, आमच्या गावच्या भवानी पेठेत दोन खोल्या. कामावरून आला की तोंडावर पाणी मारायचं आणि थेट टेबल गाठायचं. टेबलावर त्याने स्वतः जुळवलेली एक पेटी होती. झाकणावर पितळेच्या दोन खुंट्या आणि त्या दोन खुंट्यांवर बरोबर पाच व्होल्ट. कमी नाही, जास्त नाही. हे १९७५ सालचं.

आम्हा रेडिओच्या वेड्यांना त्या पेटीचं मोल सांगायला नको. आपला व्होल्टमीटर खरं दाखवतो का, हे तपासायला तो पुण्याला धाडणं आमच्या ऐपतीबाहेरचं. गुरुसिद्धप्पाने वैशाखात पेटी पुरी केली, कॉलेजात प्रभाबाईंच्या प्रयोगशाळेत नेली, तिथल्या प्रमाण सेलशी, म्हणजे ज्याचे व्होल्ट कधी हलत नाहीत अशा सेलशी, ताडून घेतली आणि सगळ्यांना सांगितलं, या, फुकट तपासा. आम्ही आळशी. दसरा झाल्यावर जाग आली. दिवाळीपर्यंत सतरा जण गेलो. सगळ्यांचे काटे पाचाच्या अलीकडेच थांबायचे. तो आतला स्क्रू फिरवून पाचावर आणायचा. मी तर घरी येऊन शेजाऱ्यांपुढे मिरवलंसुद्धा.

अठरावा आला एकनाथ, माळशिरसचा शाळामास्तर. मीटर नवा कोरा, तरी काटा एक रेघ अलीकडे. स्क्रूला हात लावू द्यायला तो तयार नव्हता. आम्ही तिघं-चौघं तिथेच होतो, त्याची यथेच्छ टिंगल केली. सतरा खोटे आणि तुझा एकट्याचा खरा काय, असं मीच म्हणालो. बिचाऱ्याने मीटर पिशवीत घातला आणि निघून गेला.

गुरुसिद्धप्पा मात्र हसला नाही. त्या दिवसापासून त्याचं जेवणावर लक्ष नाही. त्याची बायको शांतम्मा सांगायची, घास हातात धरून बसतात, मधेच उठून पेटी बघून येतात. मी समजावलं, सगळे मीटर एकमेकांशी जुळतात ना, मग झालं तर. तो माझ्यावरच उखडला.

"जुळणारच की. सगळ्यांनी माझंच ऐकलंय. मी चुकलो असंल तर सतराच्या सतरा चुकले."

सोमवारी रजा टाकून त्याने पेटी मांडीवर घेतली आणि आम्ही टांग्याने कॉलेज गाठलं. प्रभाबाईंनी सेल जोडला, तारा जोडल्या. पेटी कमी भरली. पाचाऐवजी पावणेपाचाच्या जरा वर.

बाईंनी पेटी उजेडात धरली. झाकणावर, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत, विभूतीचे तीन पट्टे वाळून बसले होते. खंडेनवमीला शांतम्माने हत्यारांबरोबर पेटीचीही पूजा केली होती, ओल्या विभूतीची तीन बोटं मनापासून ओढली होती. पूजेची विभूती पुसायची कशी, म्हणून गुरुसिद्धप्पाने तिला हात लावला नव्हता. राखेतला क्षार हवेतली ओल धरतो; त्या पट्ट्यांतून या खुंटीवरून त्या खुंटीकडे वीज थोडी थोडी पाझरत होती.

बाईंनी स्पिरिटचा बोळा पुढे केला. त्याचा हात उठेना. बाई स्वतः पुसायला गेल्या तेव्हा म्हणाला, नको, मीच पुसतो. विभूतीला बोट टेकवून कपाळाला लावलं आणि मग झाकण पुसलं. या खेपेला पाच पुरे भरले.

मला वाटलं, सुटलो. तो तिथूनच घरं हिंडायला निघाला. चार दिवस दारोदार सांगत होता, तुमचा मीटर मी बिघडवला, द्या इकडे. कुणी हसण्यावारी नेलं, एकाने तर दार लावून घेतलं. शेवटी माळशिरस, तिथे मीही बरोबर गेलो. एसटीत तो सारखी खिडकीची काच वर-खाली करत होता. एकनाथचा मीटर पहिल्यापासून खरा होता, एवढं त्याला तोंडावर सांगायचं होतं.

एकनाथने मीटर आणला. गुरुसिद्धप्पाने पेटी लावली. काटा पाचाच्या पुढे गेला.

"फिरवला व्हय?"

"घरी आल्यावर फिरवला, अण्णा," एकनाथ खाली बघत म्हणाला. "एक रेघ पुढं सारला. म्हटलं, एवढी माणसं कशी चुकतील?"

मला मान वर करवेना. मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला, आता दे जुळवून म्हटलं. गुरुसिद्धप्पाने तो घेतला नाही.

"माझ्या पेटीवर न्हाई," तो एकनाथला म्हणाला. "उद्या कॉलेजात चला, मास्तर. तितं सेल हाय. तुमच्या डोळ्यानं बगा, तुमच्या हातानं फिरवा. मी नुस्ता बाजूला हुबा ऱ्हातो."