पडणं अडवणारा शब्द

सांगलीचे पाटणकर सर नसते, तर म्हसवडच्या सिदूआबांचं ‘नको’ मी मुकाट्याने कागदावर उतरवलं असतं.

दुसरं महायुद्ध चालू होतं. मी साताऱ्याला सरकारी ऑफिसात क्लार्क होतो. फौजेतली पत्रं घरच्यांना वाचून दाखवायची, त्यांचं उत्तर लिहायचं आणि खाली अंगठा घ्यायचा, हे माझं काम. सिदूआबा मेंढपाळ. त्यांच्या मुलाने, बिरूने, विचारलं होतं : पॅराशूटच्या पलटणीत नाव देऊ का? तुम्ही हो म्हणाल तरच देतो.

“म्हंजी काय?” आबांनी विचारलं.

“विमानातून उडी मारायची. वर मोठं कापड असतं, ते हळू खाली आणतं.”

“कापड? आवं सायेब, पोरगं हाय, गठुडं न्हाई! नको म्हून लिवा. कुनी काढलं ह्ये खूळ?”

मला सांगता येईना. मी आठवडा मागून घेतला.

हेडक्लार्क वैतागले. “तो नको म्हणतोय, तुम्ही ‘नको’ लिहा. संपलं!”

रविवारी सांगली गाठली. सर कॉलेजात फ्रेंच शिकवत. आमच्या घरात पाटी धरणारा मी पहिला, बी. ए. होईपर्यंत सरांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं.

“शब्द फ्रेंच आहे,” सर म्हणाले. “दोन तुकडे जोडलेला. ‘पारा’ म्हणजे अडवणारं, ‘शूत’ म्हणजे पडणं. ज्याने हे नाव ठेवलं, त्याने दीडशे वर्षांपूर्वी दोन छत्र्या धरून झाडावरून उडी मारली. मग मनोऱ्यावरून. जळत्या घरातून माणसं सुखरूप उतरावीत, एवढंच त्याच्या मनात होतं.”

मी थक्क झालो. एवढ्याशा शब्दात एक माणूस जीव मुठीत धरून उभा होता, आणि मला पत्ता नव्हता.

आबांना सगळं सांगितलं.

“सोता उडी मारली? आदी?”

“हो.”

“मेंढरं नदीत घालायची तर आदी आमी उतरतो. त्यो बी तसलाच गडी म्हनायचा. कापड फाटतं का कवा?”

“कधीकधी. खोटं कशाला सांगू?”

“मग लिवा. जा म्हनावं. पर कापड सोता बघून घे म्हनावं.”

एक शिकलो. ज्याचा अर्थ आपल्यालाच ठाऊक नाही, त्याखाली दुसऱ्याचा अंगठा घेऊ नये.

काही महिन्यांनी सरांना लिहिलं :

“ती. सरांस शि. सा. नमस्कार. बिरूच्या शिक्षणातल्या उड्या पुऱ्या झाल्या. सुखरूप आहे. आबा काल आले होते. घरच्या लोकरीचं घोंगडं ठेवून गेले. ऑफिसात अशी भेट घेता येत नाही, पण ही माझी नाही, तुमची आहे. रविवारी घेऊन येतो.”