बायकोचे चार दिवस

लग्नानंतरची सात वर्षं बायकोच्या पोटदुखीवर घरातला तज्ज्ञ मीच होतो. ती भिंतीकडे तोंड करून पडली की मी ओव्याचं पाणी करायचो, गरम पिशवी भरायचो आणि वर ज्ञान द्यायचो, "अगं, चार दिवसांचं तर असतं." मध्यंतरी सोनोग्राफी नॉर्मल आली, तेव्हा "बघ!" म्हणून रिपोर्ट तिच्या तोंडासमोर नाचवलेला. आता आठवलं की कंटाळा येतो स्वतःचा.

शेवटी वहिनीने कल्याणच्या एका डॉक्टरबाई सुचवल्या. ठाण्यातल्या बाळकुमहून रिक्षाने निघालो. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला बायको डोळे मिटत होती आणि मी रिक्षावाल्याला "सावकाश रे" म्हणून नवऱ्याचं कर्तव्य पार पाडत होतो.

त्यांनी आधीच करून आणायला सांगितलेला एमआरआय बघून बाईंनी विचारलं, "महिन्यातून किती दिवस दुखतं?"

"चार दिवस," मी.

"तुम्हाला दुखतं का?"

बायको हळूच म्हणाली, "डॉक्टर, महिन्यातले चारच दिवस दुखत नाही. बाकीचे दुखतं."

एका घरात राहून मी हे उलटं ऐकत आलेलो.

बाईंनी कागदावर गर्भाशय काढलं. त्याच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेरही वाढतो, अंडाशयावर, आतड्याजवळ. पाळीत तिथेही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. नाव एन्डोमेट्रिओसिस. साध्या सोनोग्राफीत कित्येकदा दिसतही नाही.

माझी जीभ वळवळलीच. "मूल झालं की जातं ना? आई म्हणते."

"मूल म्हणजे औषध नाही हो," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं नसावं. "गोळ्यांनी दुखणं आटोक्यात ठेवू. नाहीच राहिलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन. मुळापासून जाईल असं वचन मात्र देत नाही."

खाली आलो तर बायको जिन्यातच बसून रडायला लागली.

"अगं, घाबरू नकोस, गोळ्या आहेत ना."

"घाबरले नाही रे. सात वर्षं मला वाटत होतं, मी नाटकं करतेय."

मी रिक्षा बघायला म्हणून रस्त्यावर आलो. समोर तीन रिकाम्या उभ्या होत्या. तरी बराच वेळ बघत राहिलो.