टेबलावरचा शहाणा रेडिओ

आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं असं नाही, ते ऐकत नाहीत. स्वयंपाकघरातून मी चार हाका मारल्या तरी ढिम्म, पण जुन्या रेडिओच्या मागे बारीकशी घरघर असली, की चष्मा कपाळावर सारून लगेच म्हणणार, "कपॅसिटर गेलाय." व्हॉल्व्हचे, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेले रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. खरखर, फाटका आवाज, मध्येच बुडणारा आवाज, सगळं कानाने ओळखतात, आणि तेही आवाज अगदी लहान ठेवून. "मोठ्या आवाजात दोष लपतात," हा त्यांचा कायदा. दुरुस्त न करता एकही रेडिओ परत दिला नाही, ही त्यांची फुशारकी. आल्यागेल्याला ती ऐकावीच लागते.

वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, जीभ अठराची. माझं त्यांचं कधी फारसं पटलं नाही. मी चिरलेली भाजी त्यांना कायम जाडच दिसली. एक दिवस त्यांचा निरोप आला: रेडिओ ओरडतो.

ह्यांनी रेडिओ आणला, लाकडी पेटीतून आतला सांगाडा बाहेर काढला, टेबलावर ठेवून भिंतीवरच्या स्पीकरला जोडला आणि तासभर ऐकला. आवाज स्वच्छ. पेटीत घालून परत दिला. तीन दिवसांनी पुन्हा निरोप: ओरडतो. असं तीनदा झालं. हे वन्संकडे जाऊन बसले, तरी तो आपला गुणी बाळासारखा बोलत राहिला.

मग भाच्याचा, म्हणजे वन्संच्या मुलाचा, फोन आला. "मामा, रेडिओ ठीक आहे ना? मग आईलाच भास होताहेत. रविवारी येतो, घर बंद करतो आणि तिला माझ्याकडे घेऊन जातो. तुम्ही फक्त तिला सांगा की रेडिओत काही नाही. तुमचं ती ऐकेल."

हे फोन ठेवून पुन्हा टेबलाशी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर वन्संनी माझ्या भाजीला नावंच ठेवली नाहीत. खालच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, मला खरंच वेड लागत असेल का?" ही बाई भांडली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी हे कानामागे पेन्सिल तशीच ठेवून जेवायला बसले. मी विचारलं, "अहो, वन्सं रेडिओ लावतात कसा?"

"माझ्यासमोरच लावते की."

"तेच म्हणतेय. कोणी बोलायला आलं की माणूस आवाज कमी करतो. एकट्या असताना किती मोठा करतात, ते पाहिलंय का कधी?"

ह्यांचा घास हातातच राहिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं वन्संच्या स्वयंपाकघरात स्टुलांवर जाऊन बसलो. "ताई, आम्ही इथे नाहीच असं समज," हे म्हणाले. सातच्या बातम्या लागल्या. वन्संनी सवयीने खिडकी लावली, मागच्या मोरीपर्यंत ऐकू यावं म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि भांडी विसळायला गेल्या. अर्धा मिनिट बातम्या नीट चालल्या. मग खालून एक कण्हल्यासारखा आवाज उठला, वाढत गेला, आणि कपाटातल्या कपबशा खडखडायला लागल्या.

"ओरडला! ताई, ओरडला!" हे असे उठले की स्टूल आडवं झालं. आवाज कमी करून त्यांनी रेडिओची पाठ उघडली आणि पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हच्या काचेवर हलकेच टिचकी दिली. पहिला गप्प. दुसऱ्यावर टिचकी पडली आणि स्पीकरमधून 'टण्ण' असा आवाज आला, पातेल्यावर चमचा आपटावा तसा.

"हा बघ चोर! आतून सैल झालाय. स्पीकर जोरात बोलला की हा थरथरतो, हा थरथरला की स्पीकर आणखी ओरडतो, एकमेकांना चढवत बसतात. आणि मी काय करायचो? सांगाडा पेटीतून काढून भिंतीवरच्या स्पीकरला जोडायचो. हा इथे, स्पीकर तिथे. ओरडणार कुठून? पेटीत घातल्यावरही ऐकायचो हळू आवाजात."

"म्हणजे मी वेडी नाही," वन्सं म्हणाल्या.

"तू नाहीस गं. मूर्ख मी आहे."

ओल्या हातांनीच वन्संनी आडवं झालेलं स्टूल उभं केलं, त्यावर बसल्या आणि रडल्या. मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत तो कधी धरला नव्हता, हे मला तेव्हा कळलं आणि वाईट वाटलं.

संशय आला म्हणून ह्यांनी एक नवा व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून सोबत आणला होता, तो खिशातून काढला. जुना उपसायला हात घातला, तर वन्संनी त्यांचं मनगट धरलं.

"थांब. रविवारी पोरगा येणार आहे. आधी त्याला ऐकू दे."

हे घुटमळले. हातातल्या व्हॉल्व्हकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग व्हॉल्व्ह पुन्हा कापसात गुंडाळून खिशात टाकला आणि रेडिओच्या पाठीचे चारही स्क्रू एकेक करून आवळले.

"पण ताई, तो आला म्हणून आवाज कमी करायचा नाही," ते म्हणाले.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो असू, तेवढ्यात मागे तो रेडिओ पुन्हा ओरडला. माझ्या हाका न ऐकणारा हा माणूस रस्त्यात थांबून ते ओरडणं शेवटपर्यंत ऐकत राहिला.