डोक्याला हात लावू का?

माझं टक्कल माझ्या लेकीला फार आवडतं. ती नऊ वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे, आणि गुळगुळीत काही दिसलं की तिचा जीव हरखतो. कलिंगड, स्टीलची पातेली, गाडीचं बॉनेट, बाबांचं डोकं. आनंद झाला की ती जागच्या जागी उड्या मारते, पंखांसारखे हात हलवते आणि "टुक टुक टुक" म्हणते.

गेल्या हिवाळ्यात धरमपेठेत तर्री-पोहे खायला गेलो होतो. तिथं तिनं पुढच्या बाकावरच्या अनोळखी माणसाच्या टकलावर मागून मनसोक्त हात फिरवला. तो दचकला आणि सगळी तर्री सदऱ्यावर. मी माफी मागून मागून थकलो. घरी पोचताच जाहीर केलं, "आजपासून उड्या बंद, टुक टुक बंद, हात लावणं बंद!"

बायको म्हणाली, "उड्यांनी कोणाचं काय बिघडते? टुक टुकनं कोणाची तर्री सांडली? डोकं मात्र दुसऱ्याचं आहे. तेवढंच शिकवू तिले."

नियम एकच ठरला. आधी विचारायचं. हो म्हटलं तर एकदा हात फिरवायचा, नाही म्हटलं तर नाही.

सराव अर्थात माझ्यावर. मी पहिल्यांदा 'नाही' म्हणालो तेव्हा ती जमिनीवर लोळून रडली, मला एक चापटही बसली. वाटलं, देऊन टाकावं डोकं! पण बायकोनं मला डोळ्यांनीच दटावलं, लेकीच्या हातात स्टीलची एक गुळगुळीत वाटी पालथी करून दिली आणि ती शांत होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली. असं कितीतरी दिवस चाललं.

मग हुडकेश्वरला चुलतभावाचं लग्न आलं. हॉलमध्ये शिरलो आणि मी दारातच थबकलो. नवरीकडच्या पाहुण्यांची पहिली रांग अख्खी टकली! दिव्यांखाली नुसती चमचम. लेक उड्याच मारायला लागली.

खापरखेड्याहून आलेली माझी आत्या कुजबुजली, "पोरीले उड्या नको मारू म्हण ना गा, लोक पाहून राहिले."

"पाहू दे, आत्या. उड्यांले बंदी नाही आमच्याकडे."

तेवढ्यात लेक रांगेपाशी पोचलीसुद्धा. पहिल्या काकांना तिनं विचारलं, "डोक्याला हात लावू का?"

काका गोंधळले. मी धावत जाऊन दोन वाक्यांत तिची आवड आणि आमचा नियम सांगितला. ते खदखदून हसले, "लाव ना वं बाई!" एकदा हात फिरला. टुक टुक टुक. दुसरे काका आपणहून वाकले. तिसऱ्यांनी तर तिला पाहून घाईघाईनं घातलेली टोपीही काढून ठेवली.

रांगेच्या टोकाला नवरीचे आजोबा ताठ बसले होते. "नाही," ते म्हणाले.

लेकीचा वर गेलेला हात तसाच हवेत राहिला. मग तो हळूच खाली आला. तिनं खांद्यावरच्या पिशवीतून आपली ती वाटी काढली, खसाखसा चोळली आणि चार उड्या मारून पुढं निघाली. बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उमटला. त्या आनंदात मी किती जिलब्या खाल्ल्या, आठवत नाही.

जेवणं झाल्यावर आजोबा काठी टेकत आले आणि तिच्यापुढं डोकं झुकवून म्हणाले, "घे पोरी, लाव आता."

तिनं डोक्याकडं नीट पाहिलं. "नाही."

"काहून वं?" आत्या हादरलीच.

"नको आहे."

आजोबांना इतकं हसू आलं की त्यांना खुर्ची द्यावी लागली. लेक त्यांच्या खुर्चीभोवती टुक टुक करत उड्या मारत सुटली. मी तिच्यामागं, माझ्यामागं बायको, आणि शेवटी पदर खोचून आत्यासुद्धा! नंतर आठवडाभर गुडघे धरून आत्यानं फोनवर मलाच बोल लावले.